बकुळपरी आणि बाबांचा दात

डोंगराच्या पायथ्याशी पाखरवाडी नावाचं एक चिमुकलं गाव होतं. गाव कसलं, मूठभर घरं, एक झुळझुळ ओढा आणि देवीचं एक बुटकं देऊळ! देवळामागे हिरवीगार राई होती आणि राईच्या तोंडाशी एक जुनी, डेरेदार बकुळ. पहाट झाली की बकुळीखाली इवल्या इवल्या फुलांचा सडा पडायचा आणि त्यांचा गोड वास सगळ्या गावात फिरायचा.

त्या गावात येसू राहायची. सात वर्षांची, तपकिरी डोळ्यांची आणि भारी मायाळू. तिच्याकडे दोनच परकर होते. त्यातल्या एकाला इतकी ठिगळं होती की मूळचं कापड कुठलं ते देवीलाच ठाऊक. आई ती तान्ही असतानाच देवाघरी गेली होती. आता घरात येसू आणि तिचे बाबा, दोघंच. सकाळी पेज, संध्याकाळी भाकरी, मधेच भूक लागली तर ओढ्याचं गार पाणी. तरी आपल्या वाटणीच्या भाकरीतला तुकडा दारच्या लंगड्या कुत्रीला दिल्याशिवाय येसू घास तोंडात घालत नसे.

येसूच्या बाबांचं नाव धाकोजी. ते देवळात सनई वाजवायचे. रोज पहाटे देवीला जाग आणायची ती धाकोजींच्या सनईनं. त्याबद्दल देवळातून तांदूळ मिळायचे, आणि त्यावरच दोघांचं पोट चालायचं. पण खरं सांगू का? तांदूळ मिळाले नसते तरी धाकोजींनी सनई सोडली नसती. त्यांचे सूर ऐकून गाई रवंथ करायच्या थांबत आणि भांडणारे शेजारी भांडण अर्धवट टाकून घरी जात.

आता दातांची गोष्ट. येसूचा खालचा पहिला दात हलायला लागला तेव्हा ती घाबरून रडली होती. बाबा हसले. म्हणाले, "अगं वेडाबाई, दात हलला की रडायचं नाही, नाचायचं! हलव त्याला जिभेनं. पडला की नवा येतो, पांढराशुभ्र!" दात पडला तेव्हा बाबांनी शेणाची सुपारीएवढी गोळी केली, दात तिच्यात दडवला आणि येसूला खांद्यावर घेतलं. तिनं गोळी कौलांवर भिरकावली आणि ओरडली, "उंदीरमामा, उंदीरमामा, जुना घे, नवा दे!" पाखरवाडीत सगळ्याच मुलांचे दात असे कौलांवर जात. आणि बघा, थोड्याच दिवसांत तांदळाच्या कणीएवढा नवा दात हिरडीतून डोकावला. येसूनं तो साऱ्या गावाला दाखवला. ज्यांना बघायचा नव्हता त्यांनाही दाखवला.

मग एके दिवशी बाबांचे दात हलायला लागले.

ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोठी माणसं अशीच असतात. मुलांना काटा टोचला तर गाव गोळा करतील आणि स्वतःचं दुखणं फडक्यात बांधून ठेवतील. पण येसूला दिसायचंच. बाबा भाकरी ताकात भिजवून खायला लागले. सनईच्या तोंडाशी ताडपानाची इवलीशी पत्ती असते, तिच्यावर एकदा तिला लाल ठिपका दिसला. समोरचे वरचे दोन दात हलत होते, आणि त्यातला डावा तर फारच.

"बाबा, दुखतं का हो?" येसूनं विचारलं.

"छे गं! थोडंसंच," बाबा म्हणाले आणि गाल धरून बसले.

ओढ्यापलीकडे पारूमावशी राहायची. ती झाडपाल्याची औषधं द्यायची. ठेंगणीठुसकी, कपाळावर गोंदण, आणि बोलणं मात्र तिखट. तिनं बाबांचं तोंड उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "धाकूदादा, दोन महिन्यांमागं का नाही आलास? हिरड्या बघ कशा सुजल्यात! बकुळीची साल देते. तिच्या काढ्यानं रोज सकाळ-संध्याकाळ चुळा भर, तिचीच पूड हिरडीला हलक्या हातानं लाव. आणि दाताला बोट लावायचं नाही, जीभ लावायची नाही. चाळीस दिवस धीर धर, धरंल दात."

"चाळीस दिवस? अगं पारू, जत्रा आठ दिवसांवर आली!"

"मग जत्रेला सांग थांबायला," पारूमावशी म्हणाली आणि पुडी हातात ठेवून निघून गेली.

येसू दारात उभी राहून हे ऐकत होती. तिला मावशीचं बोलणं काही पटलं नाही. चाळीस दिवस दात कशाला धरून ठेवायचा? पडला की नवा येतो, हे बाबांनीच तर सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बकुळीखाली फुलं वेचायला गेली. तिचाही वरचा एक दात कधीपासून लुकलुकत होता. फुलं वेचता वेचता ती खाली वाकली, आणि टप्प! दात पडला तो थेट फुलांच्या सड्यात. पांढऱ्या फुलांत पांढरा दात! येसूनं इकडे शोधलं, तिकडे शोधलं, एकेक फूल उचलून पाहिलं. दात काही सापडेना. आता उंदीरमामाला काय द्यायचं? तिचे डोळे भरून आले.

"हा शोधतेस का, चिमणे?"

येसूनं वर पाहिलं. बकुळीच्या सर्वांत खालच्या फांदीवर एक परी बसली होती. करंगळीएवढी चिमुकली! तिचा झगा बकुळफुलांच्या पाकळ्यांचा होता, पंख कोवळ्या पानांसारखे पोपटी, आणि केसांत दवाचे थेंब झगमगत होते. तिच्या दोन्ही हातांत येसूचा दात होता, आणि तो तिला चांगलाच जड झाला होता.

"तू... तू कोण?"

"मी बकुळपरी. पडलेले दुधाचे दात मला फार आवडतात. हा मला देशील? त्याच्या बदल्यात एक मागणं माग."

येसूनं क्षणभर विचार केला. "पण मग माझा नवा दात?"

"तो येणारच गं. त्याला ना परी लागत, ना उंदीरमामा." परी खुदकन हसली. मग गंभीर झाली. "पण ऐक हं, मागण्याला नियम आहेत. मागायचं ते दुसऱ्या कुणासाठी, स्वतःसाठी नाही. एकदा दिलेलं मला परत फिरवता येत नाही. आणि मागणं फळतं ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे, तोवर माझं नावही तुझ्या तोंडून निघता कामा नये. निघालं तर मागणं गेलं आणि मीही गेले. हो, आणि दात आपोआप पडलेला हवा. ओढून काढलेला मी घेत नाही."

शेवटचं येसूनं नीट ऐकलंही नाही. तिचं मागणं जिभेवर तयार होतं. "परीताई, माझ्या बाबांचा डावा दात फार दुखतो गं. तो उद्याच्या उद्या पाडून टाक. अगदी न दुखता! म्हणजे जत्रेच्या आत त्यांना नवा येईल."

परीचे पोपटी पंख एकदम मिटले. दवाचे दोन थेंब तिच्या केसांतून खाली ओघळले. "येसू, घाई नाही गं. चार दिवसांनी मागितलंस तरी चालेल. कुणा मोठ्या माणसाला सहज विचारून बघ, मोठ्यांच्या दातांचं काय असतं ते."

"मला ठाऊक आहे!" येसू म्हणाली. "बाबांनीच सांगितलंय."

परीनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागणाऱ्याचं मागणं अडवायचा परीला हक्क नसतो. ती हळूच म्हणाली, "तथास्तु," आणि पानाआड गेली. तिला वाईट वाटत होतं. मला तर ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबावंसं वाटतं. वाटतं, येसूला हाक मारावी, म्हणावं, पोरी, थांब जरा. पण गोष्टीतल्या माणसांना आपल्या हाका ऐकू येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा चूळ भरायला ओसरीवर बसले आणि दात अलगद त्यांच्या ओंजळीत आला. रक्ताचा थेंब नाही, दुखणं नाही. उलट ओंजळीला बकुळीचा मंद वास येत होता. बाबा त्या दाताकडे बघत राहिले.

"पडला! पडला!" येसू टाळ्या पिटत नाचायला लागली. ती धावत शेजारच्या गोठ्याकडे गेली, शेणाची गोळी वळली, बाबांच्या हातातला दात घेऊन तिच्यात दडवला आणि अंगणात उभी राहून सारं बळ एकवटून कौलांवर फेकला. "उंदीरमामा, उंदीरमामा, जुना घे, नवा दे!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी सनई उचलली, ओठांत धरली आणि फुंकर घातली. वरचा ओठ दाताच्या खिंडीत आत गेला. सुराऐवजी नुसता वारा फुसफुसत बाहेर पडला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. त्या दिवशी देवीला सनईवाचून जागं व्हावं लागलं.

येसू रोज सकाळी बाबांसमोर येऊन बसायची. "आ करा बघू!" ती खिंडीत डोकावायची, बोटानं हिरडी चाचपायची. "अजून नाही आला. उद्या येईल." एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. तिच्या स्वतःच्या हिरडीतून नवा दात डोकावू लागला. बाबांची हिरडी मात्र गुळगुळीतच.

जत्रेच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला मांडीवर घेतलं. "येसू, आता बघू नकोस गं. मोठ्या माणसाचा दात पडला की पडला. तो पुन्हा येत नाही."

"पण तुम्हीच म्हणाला होतात!"

"ते तुझ्या दातांचं, बाळा. दुधाच्या दातांचं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

येसू बाबांच्या मांडीवरून उतरली, गोठ्यात गेली आणि गाईच्या मानेला मिठी मारून रडली. इतकी रडली की गाईनं चारा खायचं सोडून तिच्याकडे बघितलं.

जत्रा आली. पाखरवाडीच्या देवीसमोर शेजारच्या गावचा सनईवाला वाजवायला बसला. त्यानं बरं वाजवलं, उगाच खोटं कशाला बोला. पण धाकोजी गर्दीच्या मागे खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची बोटं धोतराच्या निरीवर आपोआप हलत होती. येसूनं ती बोटं बघितली. घरी आल्यावर बाबांनी सनई जुन्या उपरण्यात गुंडाळली आणि फडताळात वर ठेवून दिली.

आता कुठेही काही बिघडलं की गावाला कुणीतरी दोषी लागतो. पाखरवाडीला पारूमावशी सापडली. "तिनं साल दिली आणि दोनच दिवसांत दात पडला!" "धरायचं औषध म्हणून पाडायचं दिलं!" पाणवठ्यावर हेच, पारावर हेच. हळूहळू मावशीकडे कुणी जाईनासं झालं. ज्या बाईनं गावातल्या निम्म्या पोरांचे खोकले घालवले, तिला बघून बायका पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. बाबांनीही सालीची पुडी खुंटीला टांगून ठेवली. वाईट वाटतं सांगायला, पण त्यांनाही मनातून शंका आली होती. आणि उजवा दात तर अजून हलतच होता.

येसूला खरं ठाऊक होतं. पण तिनं सांगितलं नाही. परीचा नियम तर त्या पहाटेलाच संपला होता, तिला कुणी अडवलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, एवढंच. बाबांना कळलं की त्यांची सनई आपण गप्प केली, तर? ती रोज ठरवायची, उद्या सांगू. आणि उद्या आला की मावशीच्या घराकडे न बघता लांबच्या वाटेनं पाण्याला जायची.

असे दोन महिने गेले. येसूचा वरचा दुसरा दात हलायला लागला. तिला वाटलं, ओढून काढावा आणि धावत परीकडे जावं. पण हा नियम आता तिला पक्का आठवत होता. एवढा धीर तिनं आयुष्यात कधी धरला नव्हता. शेवटी एका पहाटे दात पडला, तशी ती अनवाणी पळत सुटली.

बकुळपरी फांदीवर वाटच बघत होती.

"परीताई, बाबांचा दात परत दे!" येसू रडत म्हणाली.

"नाही गं देता येत. दिलेलं मला फिरवता येत नाही. आणि माणसाला दात दोनदाच मिळतात, तिसऱ्यांदा देणं कुठल्याच परीच्या हातात नाही."

"मग माझा घे. माझा नवा दात निघतोय ना, तो बाबांना लाव. मला नको."

परीनं येसूच्या गालावरचा आसवाचा थेंब आपल्या झग्यानं टिपला. झगा सगळा भिजला. "वेडी गं माझी चिमणी! तुझा इवलासा दात त्यांच्या हिरडीत धरणार नाही."

येसू खाली बसून फुलांत बोट फिरवत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्यांचा उजवा दातही हलतो. तो घट्ट कर. निदान तो तरी राहू दे."

"तथास्तु," परी म्हणाली, आणि या वेळी तिचे पंख लखलखले. "उद्या पहाटे. तोवर माझं नावही नको, विसरू नकोस."

येसू उड्या मारतच घराकडे निघाली. ओढ्यापाशी येते तो काय, पारूमावशी आपल्या झोपडीची ताटी बांधत होती. डोक्यावर बोचकं, हातात काठी.

"मावशी, कुठं चाललीस?"

"वाट नेईल तिकडं," मावशी म्हणाली. आज तिच्या बोलण्यात तिखट काहीच नव्हतं. "काल धुळ्याआजीच्या नातवाला ताप होता. मी आपणहून काढा घेऊन गेले, तर दार लावून घेतलं गं तोंडावर. आता इथं राहून काय करू? तुझ्या बाबाला रामराम सांगावा म्हणून तेवढी थांबलेय."

ती येसूच्या पाठोपाठ अंगणात आली. बाबा ओसरीवर बसले होते. मावशीला बघून ते उठले, पण नजर वर उचलेनात.

"निघते, धाकूदादा. तुझा दात गेला त्याचं मला वाईट वाटतं. माझ्या सालीनं नाही गेला, पण आता ते कुणाला सांगू?"

येसू पुढे धावली. "बाबा, मावशीचा काही दोष नाही!"

"असं तुला वाटतं, बाळा."

"वाटत नाही, मला ठाऊक आहे!"

"मग कुणाचा दोष?"

येसूनं ओठ घट्ट मिटले. एकच दिवस! उद्या पहाटेपर्यंत गप्प राहिलं की बाबांचा दात घट्ट. मग सगळं सांगता येईल. पण मावशी तर आत्ता चालली होती. ती कुठे जाणार हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. उद्या तिला शोधायचं कुठे? मावशीनं बोचकं सावरलं आणि पाठ वळवली. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि ती फार हळू चालत होती.

"माझा!" येसू ओरडली. "माझा दोष! मी बकुळपरीकडे मागितलं, बाबांचा दात पाड म्हणून! मला वाटलं नवा येईल. मावशीच्या सालीनं काहीच नाही झालं. मीच केलं बाबा, मीच!"

राईच्या बाजूनं बारीकसा आवाज आला, काचेची बांगडी वाढवावी तसा. येसूला कळलं की तिचं मागणं गेलं. आता उजवा दातही राहणार नव्हता. ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडू लागली आणि रडत रडत तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

बाबा ऐकत राहिले. त्यांना ओंजळीतला तो बकुळीचा वास आठवला. मग ते खाली उतरून धुळीत येसूशेजारी बसले.

"रागावलात ना?" येसूनं विचारलं.

"रागवू कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ," बाबा म्हणाले. "वाईट वाटतं गं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटतं. पण दुखत असताना मी छे छे करत बसलो. वेळेवर मावशीकडे गेलो असतो, तुला धड काही सांगितलं असतं, तर तुला परीकडे जावंच लागलं नसतं." मग ते उठले आणि मावशीपुढे हात जोडून उभे राहिले. "पारू, मी गावाच्या बोलण्यात आलो. चुकलं माझं. बोचकं उतरव. उद्या पारावर जाऊन मी सगळ्यांना खरं सांगतो."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. मग तिला आपला तिखट आवाज परत सापडला. "हात कसले जोडतोस? आधी आ कर, बघू तो दुसरा दात! पुडी कुठाय माझी? खुंटीला? शोभेला दिली होती का तुला?"

दुसऱ्या दिवशी पहाटे येसू बकुळीखाली गेली. परी दिसणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी झाडाजवळ उभं राहून तिनं हळूच म्हटलं, "परीताई, मी तुझं नाव सांगितलं. मला माफ कर."

पानं सळसळली. फांदीवर एक अंधूक ठिपका उजळला आणि मोठा मोठा होत गेला. बकुळपरी! पण आज ती पहाटेच्या चांदणीसारखी फिकट दिसत होती.

"तू आलीस?"

"निरोप घ्यायला आले. नियम मोडला की मला जावंच लागतं, चिमणे. तुझं मागणंही गेलं. ते मला देता येणार नाही, बाबांचा दात आता मावशीच्या हाती. पण माझे नियम फक्त मागितलेलं देण्याचे आहेत. न मागता काही द्यायला मला कुणी मना केलेलं नाही." परी उडत उडत येसूच्या तोंडासमोर आली. "इतके दिवस तू दुसऱ्यासाठी मागत होतीस. हे तुझ्यासाठी."

तिनं येसूच्या ओठांवर आपला इवलासा तळहात टेकवला. येसूच्या छातीत गार, गोड, सुगंधी वारा भरला. भरतच गेला. तिला वाटलं, एका श्वासात आपण अख्खा ओढा फुंकून पलीकडे नेऊ.

"हे काय आहे?"

"कळेल," परी म्हणाली. मग तिचे पंख सोनेरी झाले, झगा सोनेरी झाला, बकुळीचं पान न् पान लख्ख उजळलं. फुलांचा सडा हजार दिव्यांसारखा झगमगला. येसूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा झाडावर नुसतं कोवळं ऊन पडलं होतं. त्यानंतर बकुळपरी पुन्हा कुणाला दिसली नाही.

बाबांनी पारावर खरं सांगितलं. धुळ्याआजी सर्वांत आधी मावशीकडे गेली, नातवाला कडेवर घेऊन आणि मान खाली घालून. मावशीनं तिला चार शब्द सुनावले आणि काढाही दिला. बाबांनी या वेळी चाळीस दिवस पुरे पाळले. सकाळ-संध्याकाळ चुळा, हिरडीला पूड, मऊ भात आणि पेज. जीभ दाताकडे गेली की येसू डोळे वटारायची. पहिल्या वीस दिवसांत काही फरक पडेना. तेव्हा येसू रोज संध्याकाळी देवीला एक फूल वाहून गुपचूप रडायची. मग हळूहळू हिरड्यांची सूज उतरली. चाळिसाव्या दिवशी मावशीनं दाताला बोट लावलं. दात जागचा हलला नाही.

डाव्या बाजूची खिंड मात्र तशीच राहिली.

एके दिवशी बाबांनी फडताळातून उपरणं काढलं. त्यात एक नाही, दोन सनया होत्या. "ही दुसरी तुझ्या आजोबांची," ते म्हणाले. "एकानं गाणं वाजवायचं आणि दुसऱ्यानं खाली नुसता एकच सूर धरून ठेवायचा. तो तुटू द्यायचा नाही. माझ्याजवळ सूर धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मी इतकी वर्षं एकटाच वाजवत आलो. बघतेस फुंकून?"

येसूनं सनई ओठांत धरली. तिचे वरचे दोन्ही नवे दात आता पुरते आले होते. तिनं फुंकर घातली आणि सूर निघाला. तो चालतच राहिला, थांबेचना. बाबांनी मनातल्या मनात शंभर आकडे मोजले, तरी येसूचा श्वास संपला नव्हता. ते बघतच राहिले. छातीतला तो गार, गोड वारा कशासाठी होता ते येसूला तेव्हा कळलं.

पुढच्या जत्रेला पाखरवाडीच्या देवीसमोर बापलेक शेजारी शेजारी बसले. येसूच्या अंगावर नवा हिरवा परकर होता, पारूमावशीनं स्वतः शिवलेला. कित्येक महिने सवय करून घेतली होती तशी बाबांनी सनई घट्ट उजव्या दाताकडे सरकवून धरली आणि सूर लावला. गाई थांबल्या, माणसं थांबली. धुळ्याआजी म्हणाली, "धाकोजी अगदी पहिल्यासारखा वाजवतो गं बाई!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण उंच सुरावर गेलं की बाबांच्या खिंडीतून थोडा वारा निसटायचा. येसू त्या वेळी आपला सूर किंचित वाढवायची आणि वारा त्याखाली झाकला जायचा. गावातल्या कुणालाही तो कधी ऐकू आला नाही. येसूला मात्र दर वेळी ऐकू यायचा. बाबांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या जागेवर आले की ते वाजवता वाजवता तिच्याकडे बघून डोळ्यांनी हसायचे, आणि येसू डोळे पुसायला हात मोकळा नसल्यानं तशीच सूर धरून राहायची.